प्रसूतीच्या प्रशिक्षणाचा वर्ग प्रसूती कक्षातच भरावा

आदिवासी तालुक्यात छोटे रुग्णालय चालवणाऱ्या एका संस्थेने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. आसपासची उपकेंद्रे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे यांतील एएनएम (सहायक परिचारिका-प्रसविका) व स्टाफ नर्स यांच्यासाठी प्रसूतीविषयी दहा दिवसांचा वर्ग घ्यायचा आहे. त्याने मातामृत्यू आणि नवजात बालकांचे मृत्यू कमी होतील का, वर्गात नेमके काय शिकवावे, गावातल्या दाईंना त्यात घ्यावे का, आणि परिणाम झाला की नाही हे कसे ओळखावे? प्रसूती कक्षात काम करून आणि पुढे परिचारिकांना हेच काम शिकवून माझे जे मत बनले आहे ते आधीच सांगते. सलग दहा दिवसांच्या वर्गावर सगळा खर्च करू नये. वर्ग तीन दिवसांचा ठेवावा आणि उरलेला पैसा, वेळ व माणसे पुढचे वर्षभर प्रत्येक केंद्राच्या प्रसूती कक्षात जाऊन घ्यायच्या छोट्या सरावांसाठी राखून ठेवावीत.

याचे कारण नवजात बाळाच्या उदाहरणावरून सर्वांत लवकर लक्षात येते. जन्मलेल्या शंभर बाळांपैकी बहुतेक बाळे आपोआप रडतात. पाच ते दहा बाळांना अंग कोरडे करून पाठ चोळावी लागते, आणि तीन ते सहा बाळांना अंबू बॅग (हाताने दाबून हवा देण्याची पिशवी) व मास्कने श्वास द्यावा लागतो. ज्या प्राथमिक आरोग्य केंद्रात महिन्याला दहा प्रसूती होतात तिथे वर्षाला १२० जन्म होतील, म्हणजे अंबू बॅग लागणारी बाळे साधारण चार ते सात असतील. तीन परिचारिका पाळीने काम करत असतील, तर प्रत्येकीच्या वाट्याला असे बाळ वर्षातून एकदा किंवा दोनदा येते, तेही बहुधा रात्री, मदतीला दुसरे कोणी नसताना. जन्मानंतरच्या पहिल्या मिनिटात मास्क नीट बसून छाती वर उचलली गेली पाहिजे. जे काम वर्षातून दोनदाच करावे लागते आणि ज्यात चुकायला एक मिनिटही नाही, ते वर्गात एकदा शिकून हातात राहत नाही. वर्गानंतरच्या परीक्षेत सर्वांना उत्तम गुण मिळतात, आणि तीन महिन्यांनी त्याच परिचारिकेच्या हातात सरावाची बाहुली दिली तर मास्कच्या कडेने हवा निसटत असते. हा दोष तिचा नाही, सरावाशिवाय कोणाचाही हात असाच होतो.

टांझानियातील हायडोम या ग्रामीण रुग्णालयाने हे मोजून दाखवले आहे. तिथे ‘हेल्पिंग बेबीज ब्रीद’ हे एका दिवसाचे प्रशिक्षण देण्यात आले. काही महिन्यांनी पाहिले तर बाहुलीवरचे कौशल्य सुधारलेले होते, पण प्रत्यक्ष प्रसूती कक्षात परिचारिका जे करत होत्या त्यात फरक पडलेला नव्हता. मग त्यांनी पद्धत बदलली. बाहुली आणि अंबू बॅग प्रसूती कक्षातच ठेवली, दर आठवड्याला काही मिनिटांचा सराव सुरू केला आणि त्याला अधूनमधून थोड्या मोठ्या उजळणीची जोड दिली. त्यानंतर जन्मापासून २४ तासांत होणारे मृत्यू हजारी ११.१ वरून ७.२ वर आले. शिकवण्याचा विषय तोच होता, रुग्णालयही तेच होते. बदल झाला तो सरावाची जागा आणि त्याची वारंवारता यांत.

दुसरा अनुभव आपल्याच देशातला आहे आणि तो मनावर ओझे ठेवणारा आहे. उत्तर प्रदेशातील १२० सरकारी केंद्रांमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सुरक्षित प्रसूती तपासणी यादीचा मोठा प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. दीड लाखाहून अधिक बाळंतपणांची त्यात नोंद होती. निम्म्या केंद्रांत आठ महिने मार्गदर्शक जाऊन परिचारिकांच्या शेजारी उभे राहिले. हात धुणे, रक्तदाब मोजणे, प्रसूतीनंतर ऑक्सिटोसिन (गर्भपिशवी आकुंचित करून रक्तस्राव रोखणारे औषध) देणे अशा कामांचे प्रमाण त्या केंद्रांत स्पष्टपणे वाढले, मार्गदर्शकांच्या भेटी थांबल्यावर त्यातला काही भाग गळून पडला, आणि माता व बालकांच्या मृत्यूंत मात्र फरक आढळला नाही. याचा अर्थ प्रशिक्षण व्यर्थ आहे असा मी घेत नाही. यादी काय करायचे याची आठवण देते, पण गुदमरलेल्या बाळाला श्वास देणारा हात, फ्रीजमध्ये नीट ठेवलेले औषध आणि सिझेरियन करणाऱ्या रुग्णालयापर्यंत वेळेत पोचवणारी गाडी ती देऊ शकत नाही. म्हणून आपल्या आराखड्यात या तिन्हींचा विचार पहिल्या दिवसापासून हवा.

आता काय शिकवावे ते. अभ्यासक्रम लांबलचक असण्याची गरज नाही. आईचा जीव घेणाऱ्या दोन गोष्टी, अतिरक्तस्राव आणि झटके (रक्तदाब वाढून येणारी आकडी), आणि बाळाचा जीव घेणाऱ्या दोन, जन्मताना गुदमरणे आणि थंड पडणे, या चारांवर तीन दिवसांतला बहुतेक वेळ जावा. जंतुसंसर्ग टाळण्याचे धडे प्रत्येकीने घेतलेले असतात. तिथे भाषणाची गरज कमी आणि साबण, वाहते पाणी व निर्जंतुक साहित्याची गरज जास्त असते.

रक्तस्रावाला सर्वांत जास्त वेळ द्यावा. गंभीर अतिरक्तस्राव सुरू झाल्यावर उपचार मिळाले नाहीत तर साधारण दोन तासांत बाई दगावू शकते, आणि धडगाव, भामरागड किंवा धारणीसारख्या तालुक्यांतल्या पाड्यावरून मोठ्या रुग्णालयापर्यंतचा प्रवास अनेकदा त्याहून मोठा असतो. पहिला धडा प्रतिबंधाचा आहे. बाळ बाहेर आल्यावर पोटावर हात ठेवून दुसरे बाळ नाही याची खात्री करावी आणि एका मिनिटाच्या आत मांडीत ऑक्सिटोसिनचे १० युनिट द्यावेत. हे इंजेक्शन बाळाचे डोके दिसू लागण्यापूर्वीच सिरिंजमध्ये भरून ट्रेमध्ये तयार असेल तरच ते एका मिनिटात दिले जाते, म्हणून सरावात ट्रे मांडण्यापासून सुरुवात करावी. जिथे ऑक्सिटोसिन थंड ठेवता येत नाही तिथे मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांचा आधार आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत एएनएमनी प्रसूतीनंतर ६०० मायक्रोग्रॅम मिसोप्रोस्टॉल तोंडाने दिले तेव्हा अतिरक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून सुमारे ६.४ टक्क्यांवर आले, असे २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासाने दाखवले. डॉक्टर जवळ नसताना गावपातळीवरच्या परिचारिकेच्या हातून हे घडले, म्हणून वर्गात मी हा अभ्यास नेहमी सांगते.

दुसरा धडा रक्त मोजण्याचा. डोळ्यांनी अंदाज घेताना आपण सगळेच रक्त कमी धरतो, आणि जितके जास्त जाते तितका अंदाज अधिक चुकतो. बेळगावच्याच संशोधकांनी प्रसूतीनंतर बाईच्या खाली ठेवायची, तळाशी मापाच्या खुणा असलेली प्लास्टिकची पिशवी वापरून दाखवले की डोळ्यांचा अंदाज पिशवीतल्या मापापेक्षा जवळजवळ एक तृतीयांशाने कमी येतो. अशाच मापाच्या पिशवीवर आधारलेला एक मोठा प्रयोग केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया या देशांतील ८० रुग्णालयांत झाला आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. रक्त मोजायचे, ठरलेल्या खुणेपर्यंत आले की गर्भपिशवी चोळणे, ऑक्सिटोसिन, रक्तस्राव थांबवायला मदत करणारे ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड, सलाईन आणि रक्त कुठून येते याची तपासणी, हे सगळे एकामागून एक वाट न पाहता एकदमच सुरू करायचे, अशी पद्धत तिथे शिकवली गेली. अतिरक्तस्राव ओळखला जाण्याचे प्रमाण ५१ टक्क्यांवरून ९३ टक्क्यांवर गेले आणि गंभीर परिणाम ६० टक्क्यांनी घटले. आजवर मी वाचलेल्या प्रशिक्षणाच्या प्रयोगांत इतका ठळक परिणाम क्वचितच दिसला आहे. त्याचे कारण मला असे वाटते की परिचारिकेला ‘रक्त जास्त आहे का’ हा निर्णय एकटीने, दबावाखाली, अंदाजाने घ्यावा लागला नाही. खूण ओलांडली की काय करायचे हे आधीच ठरलेले होते, आणि ते करण्याचा अधिकारही तिच्याकडे होता.

आपल्या वर्गात याचा सराव असा घ्यावा. लाल रंगाचे पाणी मोजून जुन्या साडीच्या तुकड्यांवर, गॉजवर आणि पिशवीत ओतावे आणि प्रत्येकीला अंदाज लिहायला सांगून मग खरे माप दाखवावे. नंतर एकीने बाळंतीण व्हावे, दुसरीने पाळीवरची सिस्टर आणि तिसरीने नातेवाईक, कारण खऱ्या प्रसंगी दारात घाबरलेली सासू असते आणि तिच्याशी बोलत बोलतच हात चालवावे लागतात. मोठ्याने बोलून काम वाटण्याची सवय इथेच लागते: ‘मावशी, सलाईनची बाटली द्या’, ‘आशाताई, १०८ ला फोन करा आणि वेळ लिहून ठेवा’. प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्री परिचारिकेच्या मदतीला बहुधा परिचर किंवा आशाच असते, म्हणून त्यांनाही या सरावात उभे केले पाहिजे.

ऑक्सिटोसिनची दुसरी बाजू टाळून चालणार नाही. कळा वाढवण्यासाठी प्रसूतीपूर्वीच हे इंजेक्शन मांडीत किंवा सलाईनमध्ये अंदाजाने देण्याची प्रथा अनेक ठिकाणी आहे. नातेवाईक ते मागतात, आणि लवकर सुटका झाली की समाधानही मानतात. यात गर्भपिशवीला विश्रांती मिळत नाही, बाळाचा रक्तपुरवठा तुटतो, बाळ गुदमरून मृत जन्मते आणि क्वचित गर्भपिशवी फाटते. जे औषध बाळ जन्मल्यानंतरच्या एका मिनिटात जीव वाचवते, तेच त्याआधी डोस मोजणारी यंत्रणा आणि सतत देखरेख नसताना दिले तर जीव घेते, हे प्रत्येक प्रशिक्षणार्थीला कारणांसह समजले पाहिजे. नुसते ‘देऊ नका’ असे सांगितल्याने प्रथा थांबत नाही, कारण कळा मंद पडलेल्या बाईजवळ सहा तास बसलेल्या परिचारिकेला दुसरे काहीतरी करता यायला हवे. तिला चालायला लावणे, पाणी व हलके खाणे देणे, लघवी करायला नेणे, कुशीवर वळवणे, सोबतीला तिच्या ओळखीची बाई ठेवणे, आणि पार्टोग्राफवर (प्रसूतीची प्रगती वेळेनुसार नोंदवण्याच्या तक्त्यावर) प्रगती थांबलेली दिसली तर वेळेत पाठवणे, हा तो पर्याय आहे. पार्टोग्राफ हा नंतर भरून फाइलला लावायचा कागद झाला आहे, ही खेदाची गोष्ट आहे. प्रशिक्षणात जुन्या केसची माहिती आणि कोरे तक्ते देऊन ‘आता तुम्ही काय कराल आणि किती वाजता’ असे विचारले, तर तो निर्णयाचे साधन आहे हे पटते.

झटक्यांच्या बाबतीत शिकवण्याचे थोडकेच आहे, पण ते पक्के हवे. गरोदरपणात आणि प्रसूतीच्या वेळी रक्तदाब मोजला गेला आणि लघवीतली प्रथिने तपासली गेली तर धोका बहुधा आधीच दिसतो. त्यासाठी बीपीचे यंत्र चालू असणे आणि आकडा खरोखर मोजून लिहिलेला असणे आवश्यक आहे. झटके आल्यावर मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस देऊनच बाईला पाठवायचे असते: ५० टक्के तीव्रतेचे १० ग्रॅम, दोन्ही नितंबांत खोलवर पाच-पाच ग्रॅम. म्हणजे दहा अँप्यूल (औषधाच्या काचेच्या कुप्या) फोडून भरावे लागतात, आणि पहिल्यांदा हे करणारीला त्यात इतका वेळ जातो की ती घाबरून औषध न देताच गाडी बोलावते. मुदत संपलेले अँप्यूल फेकून देण्याऐवजी वेगळ्या डब्यात, ठळक खूण करून, फक्त सरावासाठी ठेवावेत आणि घड्याळ लावून ते भरून दाखवायला सांगावे. ज्या परिचारिकेने दहा अँप्यूल हाताने फोडून पाहिलेले असतात, ती खऱ्या वेळी अडखळत नाही.

बाळ न रडल्यास काय करायचे हे वर सांगितलेच. सरावात तीन गोष्टी डोळ्यांत तेल घालून पाहाव्यात: मास्कचा आकार व बसवण, दर मिनिटाला ४० ते ६० श्वासांचा वेग, आणि छाती उचलली जात नसेल तर डोक्याची स्थिती बदलण्याची तत्परता. बाळ उलटे धरणे, पाठीवर थापा मारणे, गर्भजल स्वच्छ असलेल्या बाळाच्याही घशात खोल सक्शन करत राहणे या जुन्या सवयींत मौल्यवान सेकंद जातात. थंड पडण्याबाबत एवढेच सांगते की पंखा बंद करणे, खोली गरम ठेवणे, बाळाला लगेच पुसून ओले कापड बाजूला करणे आणि आईच्या उघड्या छातीवर पालथे ठेवून दोघांवर पांघरूण घालणे, याला काहीच खर्च नाही. कमी वजनाच्या बाळांना जन्मानंतर लगेच अशी त्वचेशी त्वचा लावून ठेवण्याची पद्धत भारतासह पाच देशांत तपासली गेली तेव्हा मृत्यू एक चतुर्थांशाने कमी झाले. तो अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. मेळघाटातल्या डिसेंबरच्या रात्री वीज गेल्यावर वॉर्मर बंद पडतो तेव्हा आईची छातीच कामी येते.

वर्तनाचा विषय मी अभ्यासक्रमाच्या शेवटी ठेवत नाही. ओरडणे, चापट मारणे, नातेवाइकांसमोर उघडे ठेवणे, कळा येत असताना टोमणे मारणे हे आपल्या प्रसूती कक्षांत घडते आणि सर्वांना माहीत असते. अशी वागणूक मिळालेली बाई पुढच्या वेळी घरीच बाळंत होते आणि तिच्या पाड्यावरच्या इतर बायांनाही सांगते, म्हणून हा प्रश्न सौजन्याचा तसाच जीव वाचवण्याचाही आहे. पोटावर जोराने दाब देऊन बाळ काढणे, प्रत्येक पहिलटकरणीला छेद देऊन टाके घालणे आणि कळांच्या काळात उताणे झोपवून ठेवणे या तिन्ही सवयी सोडायला शिकवाव्यात. प्रशिक्षणार्थींना प्रसूतीच्या टेबलावर पाय वर बांधून दहा मिनिटे पडून राहायला सांगावे, आणि त्यांच्या डोक्याशी उभे राहून इतरांनी त्यांच्याविषयी, त्यांच्याशी न बोलता, चर्चा करावी. यानंतर होणारे बोलणे कोणत्याही व्याख्यानापेक्षा खोल जाते. सोबतीला एक बाई ठेवण्याची परवानगी केंद्र सरकारने २०१६ मध्ये सरकारी रुग्णालयांसाठी दिलेली आहे, तिचा उपयोग करून घ्यावा. गोंडी, माडिया, कोरकू किंवा पावरी बोलणाऱ्या बाईला कळांच्या भरात मराठी सूचना समजत नाहीत. तिच्या भाषेतली वीस-पंचवीस वाक्ये प्रत्येक परिचारिकेला यावीत, आणि ती शिकवायला गावातलीच बाई बोलवावी.

प्रशिक्षक कोण असावे, यावर निकाल बराच अवलंबून असतो. स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी चित्रफितींसह भाषणे द्यावीत आणि परिचारिकांनी वहीत उतरवून घ्यावे, हा प्रकार मी सुचवत नाही. ज्या परिचारिकेने स्वतः वर्षानुवर्षे बाळंतपणे केली आहेत आणि जिला न रागावता चूक दाखवता येते, अशा दोघींना पूर्णवेळ मार्गदर्शक म्हणून नेमावे. बिहारमधील अमानत कार्यक्रमात आणि उत्तर कर्नाटकातील सुक्षेम प्रकल्पात अशाच मार्गदर्शक परिचारिका प्राथमिक आरोग्य केंद्रांत जाऊन काही दिवस राहत, प्रत्यक्ष प्रसूतीत शेजारी उभ्या राहत आणि रिकाम्या वेळी सराव घेत. आपल्या दोघींनी महिन्यातून एकदा प्रत्येक केंद्राला भेट द्यावी, आणि मधल्या आठवड्यांत पाळी बदलताना पाच मिनिटांचा सराव केंद्रातल्याच एका परिचारिकेने घ्यावा. तिची निवड पहिल्या भेटीतच करून ठेवावी.

इथे एक इशारा देते. इंडोनेशियाने १९८९ पासून गावोगावी प्रसविका (मिडवाइफ) नेमण्याचा धाडसी कार्यक्रम घेतला आणि सात-आठ वर्षांत पन्नास हजारांहून अधिक प्रसविका तयार केल्या. त्यामुळे प्रशिक्षित हातांनी होणाऱ्या प्रसूती वाढल्या, पण अनेक गावांत प्रसविकेच्या वाट्याला वर्षाला इतकी कमी बाळंतपणे येत की शिकलेले कौशल्य टिकणे अवघड झाले. तुमच्या तालुक्यातही ज्या उपकेंद्रात महिन्याला एखादीच प्रसूती होते, तिथल्या एएनएमला दर काही महिन्यांनी तुमच्या रुग्णालयाच्या प्रसूती कक्षात आठवडाभर काम करू द्यावे. वर्गापेक्षा हा आठवडा तिला जास्त देईल.

अशा प्रशिक्षणाने एएनएम अधिक सक्षम होते, पण ती पूर्ण अर्थाने प्रसविका होत नाही, हेही स्पष्ट असावे. प्रसविकांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या मानकांनुसार परिचारिकेला प्रसविका होण्यासाठी किमान १८ महिन्यांचे शिक्षण लागते आणि त्यातला निम्मा तरी भाग प्रत्यक्ष कामाचा असावा लागतो. भारत सरकारने डिसेंबर २०१८ मध्ये याच धर्तीवर प्रसविका सेवेची मार्गदर्शक तत्त्वे काढली, आणि त्याआधी तेलंगण सरकारने २०१७ मध्ये युनिसेफ व हैदराबादच्या फर्नांडिस संस्थेच्या साहाय्याने ३० परिचारिकांची पहिली तुकडी घेतली होती. प्रसविकांची सेवा सर्वांपर्यंत पोचली तर २०३५ पर्यंत मातामृत्यू आणि नवजात मृत्यू दोन तृतीयांशाच्या आसपास टाळता येतील, असा अंदाज ८८ देशांच्या अभ्यासातून मांडला गेला आहे. तो पूर्ण शिकलेल्या, साहित्य आणि मोठ्या रुग्णालयात पाठवण्याची सोय पाठीशी असलेल्या प्रसविकांविषयी आहे, दहा दिवसांच्या प्रमाणपत्राविषयी नाही. तुमच्याकडच्या एक-दोन तरुण, हुशार स्टाफ नर्सना या दीर्घ अभ्यासक्रमासाठी पाठवणे शक्य असेल तर ते जरूर करावे. त्या परत आल्या की तुमच्या तालुक्याच्या कायमच्या प्रशिक्षक त्याच होतील.

दाईंविषयी माझे मत असे आहे. घरच्या बाळंतपणात रक्तस्राव, झटके किंवा अडलेले बाळ यांवर दाईला काही करता येत नाही, म्हणून केवळ दाईंना शिकवून मातामृत्यू घटण्याची अपेक्षा धरू नये. बाळांची गोष्ट निराळी आहे. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवले, दाईंनाही त्यात सामील केले, आणि तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी झाला. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामावरच पुढे २०११ पासून आशांमार्फत चालणारा घरभेटींचा राष्ट्रीय कार्यक्रम उभा राहिला. झांबियात दाईंना नवजात बाळाला श्वास द्यायला आणि आजारी बाळाला औषध देऊन पुढे पाठवायला शिकवल्यावर नवजात मृत्यू ४५ टक्क्यांनी घटले, असे २०११ मध्ये दिसून आले. तेव्हा दाईला वर्गात बोलवा, पण वेगळ्या भूमिकेसाठी. तिने बाईला वेळेत केंद्रात आणावे, प्रसूतीच्या वेळी सोबत थांबावे, आणि वाटेत किंवा घरीच बाळंतपण झालेच तर बाळाला कोरडे करून आईजवळ ठेवावे. दुर्गम पाड्यांवरच्या बायांना दिवस भरत आले की काही दिवस आधीच केंद्राजवळच्या माहेरघरात आणून ठेवायचे असते, तिथेही कुटुंबाला दाईचेच ऐकावेसे वाटते. केंद्रात तिला खुर्ची आणि चहा मिळतो का, यावर ती पुढच्या वेळी येते की नाही हे ठरते.

परिणाम मोजताना मातामृत्यूच्या आकड्याकडे पाहू नका. २०१८-२० या काळात महाराष्ट्राचा मातामृत्यू दर लाख जिवंत जन्मांमागे ३३ होता. वर्षाला तीन हजार जन्म होणाऱ्या तालुक्यात त्या दराने वर्षाला एक मृत्यू येतो. आदिवासी तालुक्यात तो दोन किंवा तीनही असेल, पण एका वर्षी तीन आणि पुढच्या वर्षी एक झाला तर त्यावरून प्रशिक्षणाविषयी काहीही सिद्ध होत नाही. त्याऐवजी प्रसूतीनंतर एका मिनिटात ऑक्सिटोसिन मिळालेल्या बायांचे प्रमाण, पहिल्या मिनिटात श्वास दिलेली बाळे, कळा सुरू असताना आत आल्यावर बाळाचे ठोके ऐकू येत होते तरी मृत जन्मलेली बाळे, तासाभराने मोजलेले बाळाचे तापमान, आणि झटके आलेल्या बायांपैकी पहिला डोस घेऊन आलेल्या किती, एवढे नियमित लिहा. यांतली तिसरी नोंद प्रसूती कक्षातल्या कामाचा सर्वांत प्रामाणिक आरसा आहे. बेळगाव जिल्ह्यात प्रसूती करणाऱ्यांना नवजात बाळाला श्वास देण्याचे शिक्षण दिल्यावर ताजे मृतजन्म (प्रसूतीच्या सुमारास दगावलेली बाळे) १.७ टक्क्यांवरून ०.९ टक्क्यांवर आले. त्यातली काही बाळे आधी मृत समजून बाजूला ठेवली जात असावीत. मात्र या नोंदींवरून परिचारिकेला नोटीस देण्यात आली तर पुढच्या महिन्यापासून सगळे आकडे सुंदर दिसू लागतील आणि त्यांचा उपयोग संपेल. प्रत्येक मृत्यूची चर्चा व्हावी, पण ती काय घडले हे समजून घेण्यासाठी व्हावी आणि त्या चर्चेत रात्रपाळीच्या परिचारिकेला निर्भयपणे बोलता यावे.

कामाला लागण्यापूर्वी जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडून दोन गोष्टी लेखी घ्या. पहिली, प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिकांची निदान दोन वर्षे प्रसूती कक्षाबाहेर बदली होणार नाही, कारण शिकलेली परिचारिका सहा महिन्यांत लसीकरणाच्या किंवा कार्यालयीन कामावर जाणे, हे या क्षेत्रातले सर्वांत नेहमीचे नुकसान आहे. दुसरी, ऑक्सिटोसिन, मॅग्नेशियम सल्फेट, मिसोप्रोस्टॉल, ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड आणि दोन आकारांचे मास्क असलेली अंबू बॅग प्रत्येक केंद्रात कायम राहील आणि साठा संपण्याआधी कोणी, कोणाला कळवायचे हे ठरलेले असेल. या दोन्हींवर सही होईपर्यंत वर्गाची तारीख ठरवू नका. तोवरचा वेळ मार्गदर्शक परिचारिका निवडण्यात आणि प्रत्येक केंद्राचा प्रसूती कक्ष, तिथला फ्रीज आणि रात्रीची पाळी स्वतः जाऊन पाहण्यात घालवा.